‘रात्री तर बरं वाटलं होतं’: आतड्याला भोक, पेरिटोनायटिस आणि तातडीचं ऑपरेशन

प्रश्न: माझे वडील ६३ वर्षांचे, शेती करतात. गुडघेदुखीसाठी बरीच वर्षं मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेत होते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी अचानक पोटात भयंकर कळ आली. गावात इंजेक्शन दिलं, रात्री त्यांना बरंच बरं वाटलं. सकाळी पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तर एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, ‘आतड्याला भोक पडलंय, आजच पोट उघडावं लागेल.’ ऑपरेशन झालं, आज सातवा दिवस. एवढी घाई गरजेची होती का? गोळ्या-इंजेक्शनवर भागलं नसतं का? भोकावर ‘चरबी बांधली’ म्हणतात, ते टिकेल का? शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही आतड्याचंच भोक होतं, त्याच्या पोटावर पिशवी लावलीय. बाबांना नाही. असं का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ‘रात्री त्यांना बरंच बरं वाटलं.’ जनरल सर्जरीत आयुष्य गेलं, रात्री-अपरात्री अशी पोटं उघडली, आणि नातेवाइकांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली मीच आधी विचारतो, ‘मधे काही तास बरं वाटलं होतं का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. त्या बरं वाटण्यामागे काय चाललेलं असतं ते कळलं, की घाई का केली हे वेगळं सांगावं लागत नाही.

जठर संपून लहान आतडं सुरू होतं तो पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून वडिलांचं भोक बहुधा तिथलंच, अल्सरचं, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या व्रणाचं असणार. ‘चरबी बांधली’ यावरूनही तेच वाटतं. डिस्चार्ज कार्डावर ‘ड्युओडेनल पर्फोरेशन’ किंवा नुसतं ‘डी. यू. पर्फोरेशन’ असं लिहिलेलं सापडेल. या भागाच्या पुढच्या भिंतीवरचा अल्सर खोल गेला की आरपार फुटतो, कारण त्याच्या पुढे पोटाची मोकळी पोकळीच असते. मागच्या भिंतीवरचा अल्सर खोल गेला तर तिथली मोठी रक्तवाहिनी कुरतडतो आणि माणूस रक्ताच्या उलट्या करत येतो. दुखणं तेच, फक्त कोणत्या भिंतीवर आहे यावर सगळी कहाणी बदलते.

अल्सर होण्यामागे मुख्य आरोपी दोन. पहिला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात त्याचा अल्सरशी संबंध दाखवला तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. २००५ साली त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं. त्याआधीच्या पिढ्यांना ‘टेन्शन घेता, तिखट खाता’ एवढंच ऐकवलं जाई. दुसरा आरोपी म्हणजे वेदनाशामक गोळ्या: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी भावंडं. आतड्याच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा जो चिकट थर असतो, तो राखणारी रसायनंच या गोळ्या कमी करतात. शिवाय दुखणंही दाबतात, त्यामुळे अल्सर वाढत असताना पोट कुरकुरतही नाही. अनेकांच्या बाबतीत अल्सरचं पहिलं लक्षण म्हणजे थेट तो फुटणंच असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत धोका आणखी वाढतो. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून सुट्या मिळणाऱ्या पुड्यांबद्दलही मला कायम शंका असते. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याचं पोट फुटलं तरी दुखणं आणि कडकपणा दोन्ही झाकले जातात.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. अल्सर फुटला त्या क्षणी आम्ल, पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस पोकळीत सांडला. पोकळीला आतून आणि आतड्यांना बाहेरून जो पातळ पडदा असतो ते उदरावरण, म्हणजेच पेरिटोनियम. पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ अंगावरच्या कातडीएवढं भरेल. त्यावर आम्ल पडलं की ती रासायनिक भाजणीच. कळ इतकी अचानक येते की ‘मी तेव्हा चुलीपाशी बसलो होतो’, ‘पाठीवरचं पोतं उतरवत होतो’ असं रुग्ण नेमकं सांगतो. कित्येकांना उजवा खांदाही दुखतो, कारण छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या संवेदना मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूतून जातात आणि मेंदू ते दुखणं खांद्याच्या खाती मांडतो. मुतखड्याचा रुग्ण खाटेवर गडाबडा लोळतो. आतडं फुटलेला रुग्ण पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो, खोकायलाही धजत नाही, कारण हललं की दुखतं. कॅज्युअल्टीच्या दारातूनच हा फरक दिसतो.

मग काही तासांनी उदरावरण स्वतःच पाझरायला लागतं. भरपूर पाणी सुटतं, आम्ल पातळ होतं, आग कमी होते. पोटाचे ताठरलेले स्नायूही थोडे सैल पडतात. हीच ती बरं वाटण्याची वेळ. गावातल्या इंजेक्शनचा त्यात थोडा वाटा असेल, पण इंजेक्शन दिलं नसतं तरी हा टप्पा बहुधा आलाच असता. रुग्ण म्हणतो, ‘गॅस होता, सुटला वाटतं.’ घरचे चहा-बिस्किट देतात. कुणी ओवा-हिंग देतं, कुणी एरंडेल पाजतं, कुणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला नेतं. यातलं एरंडेल आणि चोळणं तर थेट घातक, कारण आतडं जितकं हलेल तितकं आतलं जास्त सांडणार.

या काळात आत जंतू वाढत असतात. साधारण सहा ते बारा तासांनंतर जी रासायनिक जळजळ होती तिचा जंतुसंसर्ग होतो आणि खरा पेरिटोनायटिस, म्हणजे उदरावरणाचा जंतूंमुळे होणारा दाह, सुरू होतो. सुजलेलं उदरावरण कित्येक लिटर पाणी शोषून धरतं. हे पाणी शरीराबाहेर गेलेलं नसतं, पण रक्तातून गेलेलं असतं. म्हणून नाडी पळायला लागते, लघवी कमी होते, जीभ कोरडी पडते, रक्तदाब उतरतो. आतडी काम थांबवतात, पोट फुगतं, उलट्या होतात. जंतूंचं विष रक्तात भिनलं की मूत्रपिंडं आणि फुप्फुसं एकेक करून मान टाकतात. तुमच्या वडिलांची सकाळ म्हणजे हा तिसरा टप्पा.

तेव्हा ‘एवढी घाई गरजेची होती का’ याचं उत्तर ‘हो’, आणि ती खरं तर बारा तास आधी व्हायला हवी होती. यात तुम्हाला दोष देत नाही, मधल्या टप्प्यात भलेभले फसतात. डेन्मार्कमध्ये अल्सर फुटलेल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात पोहोचल्यानंतर ऑपरेशनला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घसरते, असा त्याचा निष्कर्ष. हा दवाखान्यातल्या तासांचा हिशोब झाला. आपल्याकडे तर त्याआधी गावातले आणि रस्त्यातले तास मोजायचे राहतातच.

एक्स-रेबद्दल थोडं, कारण ‘नुसत्या एक्स-रेवर पोट फाडलं’ अशी तक्रार बऱ्याचदा कानावर येते. छातीचा एक्स-रे उभं करून किंवा बसवून काढतात. आतड्यातून निसटलेली हवा वर चढते आणि उजवीकडे, यकृत आणि छातीचा पडदा यांच्या मधोमध, काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. डावीकडे जठरातली नेहमीची हवा असते, तिच्याशी गल्लत होऊ शकते, म्हणून नजर आधी उजवीकडे जाते. पोट कडक आणि एक्स-रेत ही कोर दिसली, तर निदान झालं. मात्र भोक पडलेल्या प्रत्येकाच्या एक्स-रेत हवा दिसतेच असं नाही. एक्स-रे साफ, पण पोट आणि नाडी काही वेगळंच सांगतायत, अशा वेळी सीटी स्कॅन करतात, कारण अगदी थोडी हवाही त्यात दिसते. सोनोग्राफीत पाणी दिसतं, हवा नीट दिसत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून रुग्णाला घरी घेऊन जाणारे पाहिले की काळजात धस्स होतं.

घाई म्हणजे दारातून थेट टेबलावर घेणं नव्हे. आधी एक-दोन तास सलाईनचा मारा करावा लागतो, नाकातून राईल्स ट्यूब घालून जठर रिकामं करतात, लघवीची नळी घालून दर तासाची लघवी मोजतात, अँटिबायोटिक सुरू करतात. कोरड्या पडलेल्या रुग्णाला भूल दिली तर टेबलावरच रक्तदाब कोसळतो. म्हणजे तुम्हाला बाहेर बसून ‘काहीच करत नाहीयेत’ असं वाटलं असेल, तर तेव्हा निम्मं ऑपरेशन चालू होतं असं समजा.

गोळ्या-इंजेक्शनवर भागवायची पद्धत आहे, आणि ती जुनी आहे. हर्मन टेलर या ब्रिटिश सर्जनने १९४६ साली नळी घालून जठर रिकामं ठेवायचं आणि भोक आपोआप बंद होऊ द्यायचं, असा मार्ग मांडला. १९८९ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी तो रीतसर चाचणी घेऊन तपासला. निवडक रुग्णांत तो चालतो असं दिसलं, पण ७० च्या पुढच्या वयात तो वारंवार फसला. निवडक म्हणजे लवकर आलेला, पोट फारसं दुखत नसलेला, एक्स-रेत दिसणारं औषध पाजून केलेल्या तपासणीत गळती थांबल्याचं सिद्ध झालेला, आणि दर दोन-चार तासांनी तोच डॉक्टर पोट तपासायला हजर असलेला. पोट फुगलेलं, उलट्या चालू आणि रात्र उलटून गेलेली, अशा माणसावर हा प्रयोग मी तरी करणार नाही.

आता त्या ‘चरबी बांधण्या’बद्दल. पोट उघडून उदरावरणाला छेद दिला की फुस्स करून हवा सुटते, मागोमाग हिरवट-पिवळं पाणी येतं. त्यात कधी संध्याकाळच्या भाताची शितं तरंगत असतात. यकृत वर धरून जठराचा शेवट शोधला की पुढच्या बाजूला भोक दिसतं: बऱ्याचदा अर्धा सेंटिमीटर, वाटाण्याएवढंही नाही, आणि त्याच्या कडा टणक, सुजलेल्या. या कडा ओढून शिवायला गेलं तर धागा लोणी कापल्यासारखा कापत जातो. म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंनी, जरा लांबच्या निरोगी भागातून, तीन-चार टाके घालून ठेवतात; आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा, ज्याला वपा म्हणतात, त्याचा जिवंत तुकडा रक्तपुरवठ्यासकट वर ओढून भोकावर बसवतात आणि मग टाके बांधतात. किती आवळायचं यात हाताची परीक्षा आहे. ढिलं राहिलं तर गळतं, जास्त आवळलं तर वपेचं रक्त तुटतं आणि ती मरते. वपा काही तासांतच तिथे चिकटायला लागते आणि पुढे तिच्याखाली आतड्याचं अस्तर भरून येतं. याला सगळे ‘ग्रॅहम पॅच’ म्हणतात. टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहमने १९३७ साली जी पद्धत लिहिली तीत वपेचा सुटा तुकडा होता. आज बहुतेक सर्जन जे करतात ते सेलन-जोन्स याने १९२९ सालीच लिहिलं होतं. नाव मात्र ग्रॅहमच्या वाट्याला आलं.

टिकेल का? छोट्या भोकावर, ठीकठाक तब्येतीच्या रुग्णात, बहुधा टिकतं. सातव्या दिवशी वडील तोंडाने खात असतील, ताप नसेल आणि पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीतून हिरवं काही येत नसेल, तर गळतीचा मोठा धोका मागे पडलाय. पूर्वी याच बैठकीत आम्ल कमी करण्यासाठी जठराच्या नसा कापायचे, जठराचा तुकडाही काढायचे. आम्ल दाबणारी चांगली औषधं आल्यावर ते जवळजवळ बंद झालं. आता काम एवढंच: भोक बंद करा, पोट धुवा, बाहेर या.

पोट धुणं हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण वेळ त्यातच जातो. भोक बंद करायला पंधरा-वीस मिनिटं. मग कोमट सलाईन लिटरवर लिटर ओतून यकृताच्या वर, प्लीहेपाशी, आतड्यांच्या वळ्यांमध्ये आणि खाली ओटीपोटात, जिथे जिथे घाण साठते तिथून ती बाहेर काढायची. वरची चिकट पिवळी साय जिथे सहज सुटते तिथूनच काढतात. खरवडून काढायला गेलं तर आतडंच फाटतं. हेच काम दुर्बिणीतूनही होतं, चिरा लहान राहतो. पण पोट फुगलेलं आणि रक्तदाब डळमळीत असेल तर मोठा उभा चिराच बरा. तुमच्या सर्जननी तो घेतला असेल तर त्यात जुनाटपणा काही नाही.

शेजारच्या मुलाबद्दल न तपासता बोलणं बरोबर नाही, पण पिशवी कोणाला लागते ते सांगतो. ‘आतड्याचं भोक’ हा एक आजार नव्हे. भोक कुठे आणि कशाने पडलं यावर ऑपरेशन ठरतं. तरुण मुलगा, दोन-तीन आठवडे ताप आणि मग अचानक पोटदुखी, असा इतिहास असेल तर आमच्या मनात पहिलं नाव येतं ते टायफॉइडचं. त्याचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या लसिका ग्रंथींच्या चकत्यांत घर करतात. आजाराच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या चकत्या गळून पडतात आणि तिथे भोक पडतं, कधी एकाहून जास्त. रुग्ण आधीच तापाने खंगलेला, आतडं ओल्या कागदासारखं मऊ, आणि आतला मालही ड्युओडेनममधल्या आम्लासारखा नव्हे तर जंतूंनी भरलेला. अशा आतड्याला टाका घातला आणि पाचव्या दिवशी तो सुटला तर दुसऱ्या ऑपरेशनमधून रुग्ण वाचणं फार कठीण. म्हणून आतडंच बाहेर काढून पोटावर तोंड करतात, वर पिशवी लावतात. दोन-तीन महिन्यांनी वजन भरलं, रक्त वाढलं की ते तोंड परत आत घालतात. म्हणजे पिशवी बहुधा तात्पुरती असते. त्या मुलाच्या आईला हे कुणी नीट सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा; पिशवी पाहून घरोघरी रडारड होते.

टायफॉइड टाळता येतो, हेही जाता जाता. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस द्यायला सुरुवात केली. भारतात सरकारी पातळीवर ही लस दिली जाण्याची ती पहिलीच वेळ. खासगी बालरोगतज्ज्ञांकडेही ती मिळते.

क्षयानेही आतडं फुटतं: जागोजागी आकुंचन होतं आणि अडथळ्याच्या अलीकडे फुगलेला भाग फुटतो. त्यात तो तुकडाच कापावा लागतो आणि पुढे निदान सहा महिने टीबीची औषधं. अपेंडिक्स फुटणं सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या आतड्याचं भोक आपल्याकडे तुलनेने कमी, पाश्चात्त्य देशांत जास्त. पण ते सगळ्यात वाईट, कारण पोटात विष्ठा पसरते. मार लागूनही आतडं फुटतं: मोटारसायकलचं हँडल, बैलाचं शिंग. वरून साधं खरचटलेलंही दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगतं.

आता पुढचं, कारण तुमचा सातवा दिवस आहे. टाक्यांतून एकाएकी गुलाबी पाणी वाहू लागलं, पट्टी भिजली, तर ते साधं समजू नका. आतले टाके सुटत असल्याची ती खूण असू शकते. लगेच सर्जनना कळवा. परत ताप चढणं, न थांबणारी उचकी, किंवा बुळबुळीत शेम असलेले वारंवार जुलाब, ही आत कुठेतरी पू साठल्याची लक्षणं. उचकी छातीच्या पडद्याखालच्या पुवामुळे, जुलाब ओटीपोटातल्या. असा पू पुष्कळदा सोनोग्राफी करत सुई-नळीने काढता येतो, पोट परत उघडायला लागतंच असं नाही. अँटिबायोटिक महिनाभर द्या असा आग्रह धरू नका. भोक नीट बंद झालं असेल तर चार दिवसांचा कोर्स लांबलचक कोर्सइतकाच चालतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलंय.

भात खाल्ला की टाक्यात पू होतो, हे खोटं. भात, वरण, अंडी, ताक सगळं चालतं, थोडं थोडं आणि वारंवार द्या. उलट प्रथिनं कमी पडली तर जखम भरत नाही. चालवा त्यांना, दिवसातून पाच-सहा वेळा. औत, पाण्याचे हंडे, खताची पोती मात्र निदान तीन महिने नकोत, नाहीतर चिऱ्यातून हर्निया येतो. खर्चाची ओढाताण असेल तर दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) डिस्चार्जच्या आधी विचारा, नंतर नाही.

आणि एक काम जे पुष्कळ जण विसरतात, कधी आम्ही डॉक्टरही कागदावर लिहायचं विसरतो: एच. पायलोरीची, म्हणजे वर सांगितलेल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो जंतू सापडला तर १४ दिवसांची औषधं असतात. हाँगकाँगमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भोक शिवल्यानंतर जंतूचा नायनाट केलेल्यांपैकी वर्षभरात ४.८ टक्के रुग्णांना अल्सर परत झाला. नुसती आम्ल दाबणारी गोळी दिलेल्यांत ते प्रमाण ३८.१ टक्के होतं. तपासणीच्या आधी अँटिबायोटिक चार आठवडे आणि आम्ल दाबणारी गोळी दोन आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येतो. ती गोळी परस्पर थांबवू नका, सर्जननाच तारीख विचारून घ्या. भोक ड्युओडेनमचं नसून जठराचं होतं असं कार्डावर असेल, तर सहा-आठ आठवड्यांनी एंडोस्कोपी टाळू नका. जठराच्या अल्सरमागे कधी कधी कॅन्सर असतो.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. एवढ्याने भागत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना पोटाचं ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा. घरातल्या उरलेल्या जुन्या गोळ्या आजच काढून टाका, शेजाऱ्यांनाही देऊ नका. हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल तर तिचं मात्र तुम्ही ठरवू नका. ज्यांनी ती सुरू केली त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा.